चौसष्टातले बारा

टीव्ही दुरुस्त करणारा माणूस टीव्हीच्या मागे बसतो आणि चित्र असतं पुढे. म्हणून काकांच्या दुकानात एक आरसा असायचा, न्हाव्याच्या दुकानात असतो तसा लाकडी चौकटीचा. तो पडद्यासमोर स्टुलावर टेकवायचा, मागचं झाकण काढायचं, हात सर्किटात घालायचा आणि डोळे आरशावर ठेवायचे. चित्र खालून वर पळत असेल तर व्हर्टिकल होल्ड, तिरप्या पट्ट्यांत फाटत असेल तर हॉरिझॉन्टल होल्ड. प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने एक बारीकशी गिरकी दिली की आरशातलं उलटं चित्र जागच्या जागी थांबायचं.

कराडात त्या काळी टीव्ही दुरुस्त करणारे मोजकेच. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, पण आमच्या भागातल्या घराघरांत टीव्ही आला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. १९८७-८८मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, आणि काका सांगायचे की त्या काळात शनिवारची रात्र त्यांनी घरी अशी काढलीच नाही. पंचक्रोशीतले बिघडलेले सेट बैलगाडीतून, सायकलच्या कॅरियरवरून त्यांच्याकडे यायचे आणि सकाळी नऊच्या आत परत जायचे. झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला ते पेन्सिलने तारीख आणि केलेलं काम लिहीत. पुढे कुणीही ते झाकण उघडलं तरी आधी काय झालंय ते त्याला कळावं, एवढ्यासाठी.

मी शाळेत गणित शिकवते. संगणकाचं रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही, आवड आहे. ज्या वाचनालयात मी लहानपणापासून पुस्तकं आणत आले, तिथल्या कार्यवाहांनी एक दिवस विचारलं, "बाई, वाचकांसाठी एखादा स्वस्तातला संगणक बसवता येईल का?" तेव्हा मी रास्पबेरी पाय ३ सुचवला. पत्त्यांच्या जोडाएवढं हिरवं बोर्ड, एक जीबी मेमरी, मायक्रो एसडी कार्डावर सगळी व्यवस्था. किविक्स या प्रोग्रॅममधून मराठी विकिपीडियाची अख्खी प्रत त्यात घालायची, म्हणजे इंटरनेट असो वा नसो, वाचकांचं अडत नाही. वाचनालयाच्या जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानंही त्यातच ठेवायची. पडदा म्हणून वाचनालयाचा बत्तीस इंची टीव्ही होताच.

घरातला टीव्ही हाच पडदा, ही या बोर्डाची मूळ कल्पना. केंब्रिजमध्ये एबेन अपटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काळजी वाटत होती की संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांनी मशीनच्या पोटात हात घालणं सोडून दिलंय. मुलांना मोडता-जोडता येईल असा संगणक त्यांना हवा होता. २९ फेब्रुवारी २०१२ला पहिलं बोर्ड ३५ डॉलरला विक्रीला आलं, तेव्हा त्यावर एचडीएमआयच्या जोडीला जुन्या टीव्हीला चालणारी पिवळी व्हिडिओ पिनही होती. ज्या घरात फक्त डबा टीव्ही आहे त्या घरातलं मूल वगळलं जाऊ नये, हा विचार त्या पिवळ्या पिनेत आहे. काकांना मी ती दाखवली तेव्हा ते म्हणाले होते, "हे करणारी माणसं चांगली असली पाहिजेत."

अडचण टीव्हीची होती. वळवाच्या पावसात वीज पडून त्याचं मूळ बोर्ड जळलं होतं. पॅनेल शाबूत होतं. काकांनी दुकान तोवर बंद केलं होतं, पण वाचनालयासाठी म्हणून त्यांनी त्यात युनिव्हर्सल बोर्ड बसवून दिलं. जम्पर योग्य जागी लावून, पॅनेलचा पट्टा जोडून टीव्ही जिवंत केला. त्यावर केबलचे कार्यक्रम छान दिसायचे. अक्षरं मात्र वाचवत नव्हती.

याचं कारण समजायला मला बराच अभ्यास करावा लागला. एचडीएमआयच्या वायरीतून चित्र जाण्याआधी संगणक पडद्याला विचारतो, तू कोण, तुला काय झेपतं? पडदा १२८ बाइटांचं एक ओळखपत्र पुढे करतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. ही पद्धत व्हेसा या संस्थेने १९९४ साली घालून दिली आणि ती आजही चालू आहे. आमच्या पॅनेलचं खरं ओळखपत्र जळलेल्या बोर्डाबरोबर गेलं होतं. युनिव्हर्सल बोर्ड शेकडो तऱ्हेच्या पॅनेलांसाठी बनवलेलं, त्यामुळे ते सरसकट एकच उत्तर द्यायचं: १९२० गुणिले १०८०. पॅनेल प्रत्यक्षात १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचं. पाय बिचारा मागितलं ते देत होता आणि टीव्हीतलं बोर्ड दर एक पूर्णांक चार दशांश ठिपके एकात कोंबून चित्र लहान करत होतं. सिनेमाला ते चालतं. देवनागरीला चालत नाही. शिरोरेषा दोन ओळींत विरघळून राखाडी होते, ऱ्हस्व-दीर्घाच्या वेलांट्या सारख्या दिसू लागतात आणि अनुस्वाराचं टिंब तर नाहीसंच होतं. 'रंग'चा 'रग' होतो. वाचनालयात येणारी निम्मी मंडळी साठीच्या पुढची. एक निवृत्त गुरुजी दोन ओळी वाचून चष्मा पुसायचे, पुन्हा वाचायचे, पुन्हा पुसायचे. दोष चष्म्यात नाही हे त्यांना सांगूनही पटत नव्हतं.

पायमध्ये यावर उपाय आहे, आणि तो ज्या पद्धतीने ठेवलाय त्याबद्दल मला त्या केंब्रिजच्या मंडळींचे आभार मानावेसे वाटतात. बोर्डाला वीज मिळाली की मुख्य प्रोसेसरच्या आधी ग्राफिक्सचा भाग जागा होतो आणि कार्डावरची कॉन्फिग डॉट टीएक्सटी ही फाइल वाचतो. साधी मजकुराची फाइल. पडदा पूर्ण काळा पडला तरी घाबरायचं कारण नाही. कार्ड काढा, कुठल्याही विंडोज संगणकात घाला, नोटपॅडमध्ये फाइल उघडा, आकडा बदला, कार्ड परत लावा. कार्डाचा तो भाग सगळ्या संगणकांना वाचता येईल अशाच पद्धतीचा ठेवलेला आहे. कार्यवाहांच्या टेबलावरच्या जुन्या संगणकावर मी हे सगळं करू शकले ते त्यामुळेच.

फाइलीत 'एचडीएमआय ग्रुप' नावाची ओळ असते. तिथे १ लिहिलं तर टीव्हीची मापं, २ लिहिलं तर मॉनिटरची. पुढच्या 'एचडीएमआय मोड'च्या ओळीत त्या मापांच्या तक्त्यातला क्रमांक लिहायचा. मॉनिटरच्या तक्त्यात ८१ म्हणजे १३६६ गुणिले ७६८, सेकंदाला ६० चित्रं. टीव्हीच्या ओळखपत्राकडे लक्ष देऊ नकोस असंही पायला सांगता येतं. तसं सांगितलं, ८१ लिहिलं. चित्र आलं, कडा कापल्या जायच्या त्या बऱ्याचशा दिसू लागल्या, अक्षरं सुधारली. पण काही शब्द स्वच्छ आणि त्यांच्याच शेजारचे धुरकट, असा विचित्र प्रकार होता. डाव्या काठावरची अक्षरं किंचित छाटलेली, उजवीकडे काळी रेघ. इथे माझं गणित थांबलं आणि मी काकांना बोलावलं.

काका आले ते सोल्डरिंगचं भिंग घेऊन. मी एक चाचणीचं चित्र तयार केलं होतं: उभ्या रेघा, एक काळी, एक पांढरी, प्रत्येक रेघ एका ठिपक्याची. चित्रातला एक ठिपका पॅनेलच्या एका ठिपक्यावर बसत असेल तर सगळीकडे सारखी बारीक जाळी दिसायला हवी. आम्हाला जाळीत राखाडी पट्टे दिसले. काकांनी डावीकडून उजवीकडे बोट फिरवत ते मोजले. सहा.

"बाई, सहाच का?" ते म्हणाले. "पाच नाहीत, दहा नाहीत. कुठंतरी सहाचा फरक आहे. शोधा."

मी वही काढली. मापांच्या तक्त्यात १३६६च्या शेजारीच १३६०चं माप आहे. त्यामागे कारण आहे. मापं काढण्याची प्रचलित सूत्रं आठ-आठ ठिपक्यांच्या गठ्ठ्यांत चालतात, १३६०ला आठाने भाग जातो, १३६६ला जात नाही. म्हणून पुष्कळ यंत्रं १३६०च जवळचं मानतात. आणि दोन्ही मापांचे आकडे शेजारी लिहिल्यावर मला दिसलं की एका ओळीची एकूण लांबी दोन्हींत १७९२ आहे आणि वेगही तोच, सेकंदाला साडेआठ कोटी ठिपके, वर पाच लाख. टीव्हीतलं बोर्ड ओळीची लांबी मोजून म्हणत होतं, हे १३६०चं चित्र. मग १३६० ठिपके उचलून १३६६ जागांवर ताणून बसवत होतं. ताणताना जिथे जिथे ठिपका दोन घरांच्या मध्ये पडला, तिथे एक राखाडी पट्टा. सहा ठिपके कमी, म्हणून सहा पट्टे.

मी हे सांगत असताना काकांचं लक्ष एकाच आकड्यावर खिळलं होतं. "ओळ १७९२ ठिपक्यांची आणि चित्र १३६६चं. मग बाकीचे ४२६ कुठं जातात?"

मला पुस्तकी उत्तर येत होतं: फ्रंट पोर्च ७०, सिंक १४३, बॅक पोर्च २१३. ही नावं मी वाचली होती, त्यांचे आकडे भरले होते, पण ते आहेत कशासाठी हे मला ठाऊक नव्हतं. काका खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी मला जे शिकवलं, त्याचं ऋण आज इतक्या वर्षांनी मी लिहून ठेवते आहे.

"आमच्या टीव्हीत एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची," ते म्हणाले. "त्यातले ५२ चित्राचे. १२ परतीचे. किरण डावीकडून उजवीकडं जातो तेव्हा चित्र काढतो. उजव्या काठाला पोचला की त्याला डावीकडं परत आणावा लागतो. येताना काही काढायचं नाही, नाहीतर पडद्यावर ओरखडे दिसतात. पाभर असते ना, तशी. बांधापाशी आलं की पाभर उचलायची, बैल वळवायचे, मग परत टेकवायची. वळताना बी पडता कामा नये. त्या बारामध्ये किरण उचललेला असतो. आणि त्याच बारात सिंक असतो, तो सेटला सांगतो, आता वळ. तो सेटला नीट मिळाला नाही की चित्र फाटतं. लोकांना वाटायचं मी चित्र नीट करतोय. मी उभ्या आयुष्यात चित्राला हात लावला नाही. मी त्या बारावरच काम केलं."

वरून खालीही तसंच. ६२५ ओळींपैकी साधारण पन्नास ओळी दिसतच नाहीत, कारण किरणाला तळापासून माथ्यावर जायला तेवढा अवधी लागतो. मी गणित शिकवते, पण ६२५ आणि १५,६२५ या आकड्यांचं नातं मला त्या दिवशी एका टीव्ही मेकॅनिकने समजावलं: सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येकात ६२५ ओळी, म्हणून सेकंदाला १५,६२५ ओळी, म्हणून एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद. सगळं एकमेकांत बसलेलं.

मग त्यांनी विचारलं, "ह्या पॅनेलमध्ये किरण आहे का?"

नाही.

"मग त्याला वळायला एवढी जागा कशाला? ४२६ कशाला हवेत? कमी करा. आणि बोर्डाला ओळखीचं काही देऊ नका. ओळखीचं दिलं की ते जुन्या हिशोबानं चालतं. अनोळखी दिलं तर मोजून घेईल."

पायच्या तक्त्यात ८७ हा क्रमांक राखून ठेवलेला आहे. त्याचा अर्थ: माप वापरणाऱ्याचं स्वतःचं. त्यासोबत 'एचडीएमआय टायमिंग्ज' अशी ओळ लिहायची आणि एकेक आकडा आपण पुरवायचा. काका म्हणाले, पूर्ण आकडे घ्या, हिशोब सोपा राहील. ओळीची लांबी १५००, एकूण ओळी ८००, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार तोंडी झाला: सात कोटी वीस लाख ठिपके. १५०० वजा १३६६, उरले १३४. त्याचे आम्ही पुढे २४, सिंक ४०, मागे ७० असे भाग केले. उभ्यात ३२ उरले, ते ४, ५ आणि २३. हे आकडे वाचनालयाच्या एका जुन्या मागणीपत्राच्या पाठीवर काकांच्या हस्ताक्षरात आहेत आणि तो कागद माझ्याकडे आहे.

ते आवाजाबद्दलही बोलले. एचडीएमआयमध्ये आवाज कुठल्या तारेने जातो, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की वेगळी तार नाही, ओळींच्या मधल्या त्या न दिसणाऱ्या वेळेतच आवाजाचे तुकडे पाठवतात. म्हणून ती वेळ अगदी शून्यावर आणता येत नाही. हे ऐकून काकांचा चेहरा उजळला. नळीचा टीव्ही गेला, होल्डचे नॉब गेले, त्यांचं दुकान गेलं, पण परतीची वेळ अजून वायरीतून जाते आहे आणि तिच्यावर आता आवाजाचा भारही आहे, याचा त्यांना झालेला आनंद मी पाहिला. आवाज येण्यासाठी 'एचडीएमआय ड्राइव्ह'समोर २ लिहावं लागलं, एवढंच.

कार्ड लावलं. इंद्रधनुष्याच्या रंगांचा चौकोन उमटला, काळोख झाला, आणि मग रेघांची जाळी आली. काकांनी भिंग लावून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पाहिलं. पट्टा नव्हता. एकही नाही. डाव्या काठावरचा पहिला ठिपका जागेवर, उजव्या काठावरचा शेवटचा जागेवर. मी विकिपीडियातला कोयना धरणाचा लेख उघडला. प्रत्येक अनुस्वार दिसत होता. गुरुजी उठून आले, चष्मा न पुसता तो लेख शेवटपर्यंत वाचला आणि त्यातला एक तपशील त्यांना पटला नाही म्हणून कार्यवाहांशी वाद घालायला गेले. वाचनालयात असं काही घडलेलं पाहणं ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट होती.

पुढे एकदा तो मापांचा तक्ता अगदी तळापर्यंत वाचत होते. ८६ क्रमांकावर नजर गेली. १३६६ गुणिले ७६८, परतीची वेळ घटवलेली. ओळ १५०० ठिपक्यांची, ओळी ८००, वेग सात कोटी वीस लाख. आतले भाग वेगळे होते, पण एकूण तिन्ही आकडे तेच. जगभरच्या कंपन्यांच्या अभियंत्यांनी समितीत बसून जे ठरवलं होतं, ते काकांनी वाचनालयाच्या बाकावर, पॅनेलमध्ये किरण नाही एवढ्या एका गोष्टीवरून, तोंडी हिशोबाने काढलं होतं. मी तो तक्ता छापून त्यांच्या घरी नेला. त्यांनी ८६ची ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "म्हणजे बरोबर धरलं होतं आपण."

'आपण' म्हणाले.

मी त्यांची काय लागते? नात्याची नाही, गोत्याची नाही. माझ्या वडिलांचा टीव्ही त्यांनी कधी काळी दुरुस्त केला असेल, तेवढीच ओळख. त्यांनी जे दिलं त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि घेतले असते तरी ते कशाचे मोजले असते? मला त्यांच्याकडून मिळालं ते १३४ आणि ३२ हे आकडे नव्हेत. आता वर्गात भागाकार शिकवताना बाकीकडे मी मुलांना थांबवते. भागाकार उरकला की मुलं बाकी पुसून पुढच्या गणिताकडे धावतात. मी विचारते, ही कुठून आली, ही इतकीच का? "सहाच का? पाच नाहीत, दहा नाहीत," असा प्रश्न विचारण्याची सवय मला काकांनी लावली. ती माझ्याकडून किती मुलांना लागली हे मला मोजता येणार नाही.

काका आता मुलाकडे पुण्याला असतात. अलीकडे मी वाचनालयाचं कार्ड नव्या प्रणालीवर नेलं. बुकवर्म नावाची ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३मध्ये आली. त्यात चित्राचा कारभार लिनक्सच्या गाभ्याकडे असतो. ग्रुप, मोड, टायमिंग्ज या आमच्या ओळी फाइलीत असल्या तरी आता त्यांच्याकडे कुणी बघत नाही. स्वतःचं माप द्यायचं तर ओळखपत्रच नव्याने तयार करून कार्डावर ठेवावं लागतं. मग संगणक पडद्याला न विचारता ते वाचतो. म्हणजे ज्या पॅनेलचं ओळखपत्र विजेने जाळलं, त्याला मला नवं लिहून द्यायचं होतं. १२८ बाइट. त्यात अठरा-अठरा बाइटांच्या चार जागा असतात. पहिल्या जागेत काकांचे आकडे जसेच्या तसे घातले. दुसऱ्या जागेत मर्यादा. तिसरी जागा पडद्याच्या नावाची, तिथे तेरा रोमन अक्षरं मावतात.

मी काकांना फोन केला आणि सांगितलं, तिथे तुमचं नाव घालते.

"नको, बाई," ते म्हणाले. "तिथं पॅनेलचा नंबर घाला, मागच्या स्टिकरवर आहे तो. उद्या बोर्ड बदलायची वेळ आली तर येणाऱ्या माणसाला नंबर लागणार. माझ्या नावाचा त्याला काय उपयोग?" मग त्यांनी पट्टा कुठल्या बाजूने लावलाय, जम्पर कुठला, हेही मला एकदा म्हणून दाखवलं. सगळं तोंडपाठ होतं.

तिसऱ्या जागेत पॅनेलचा नंबर घातला. चौथी जागा मोकळी राहत होती. तीही तेरा अक्षरांची, साध्या मजकुरासाठीच ठेवलेली. झाकणाच्या आत ते जसं पेन्सिलने लिहीत, तसं मी त्या जागेत त्यांचं आडनाव आणि साल लिहिलं. ओळखपत्रातल्या १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ने पूर्ण भाग जावा लागतो, नाहीतर संगणक ते मानत नाही. त्या अक्षरांमुळे बेरीज बदलली, म्हणून शेवटचा बाइट मी पुन्हा काढला, बेरीज तपासली आणि कार्ड लावलं. पडदा लागला.